न्यायाला भ्यायचं कुणी?

६ मार्च १९२७ रोजी लंडनच्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये बर्ट्रंड रसेलनं 'मी ख्रिस्ती का नाही' हे व्याख्यान दिलं. आपल्याकडच्या बुद्धिवादी मंडळींचं ते इतकं आवडतं, की ख्रिस्ती धर्मावर वाद सुरू झाला की पाचव्या मिनिटाला रसेल हजर होतोच. त्यातला देवाच्या अस्तित्वाविषयीचा भाग आता शिळा झालाय. झोंबतो तो येशूच्या स्वभावाविषयीचा मुद्दा. या माणसाचा नरकावर विश्वास होता, ऐकत नाहीत त्यांना तो आगीचं भय घालत होता; मनापासून दयाळू असलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं रसेल म्हणतो. धर्माचा पायाच भीती आहे, आणि नरकाच्या शिकवणीनं जगात क्रौर्य पेरलं, हेही तो सुनावतो. गेली शंभर वर्षं हाच आरोप फिरतोय: शेवटचा न्याय ही दहशतीची शिकवण आहे, आणि दया हवी असेल तर न्यायाचं भूत आधी उतरवा.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. न्याय काढून टाकला की दयाही हातची जाते.

आधी रसेलचं देणं देऊन टाकू, कारण त्याच्याकडे पुरावा भरपूर आहे. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतल्या एन्फिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्सनं प्रवचन दिलं. देव पापी माणसाला कोळ्यासारखा धाग्याला धरून आगीवर लोंबकळत ठेवतो, असं चित्र त्यानं असं काही रंगवलं, की लोकांच्या आक्रोशानं त्याला मध्येच थांबावं लागलं. तो निदान विद्वान होता. त्याची विद्वत्ता वजा करून नुसता कोळी आणि आग उचलणारे उपदेशक आजही जागोजाग आहेत, आणि माइक हाती आला की त्यांना आवरणं पाळकसाहेबांनाही जमत नाही. पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाला क्षमा नाही हे वचन ऐकून कितीतरी भल्या, भित्र्या माणसांनी आयुष्यभर स्वतःला छळलं, हेही रसेलनं सांगितलंय आणि ते खोटं नाही. अशा प्रवचनांची वकिली मी करणार नाही. पण रसेलनं खटला मूळ शिकवणीवर भरलाय आणि पुरावे तिच्या नावानं धंदा करणाऱ्यांचे दिलेत.

धर्माचा पाया भीती, बरं. भीती कुणाची?

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. तो रसेलच्या व्याख्यानात कुठं नाही. कैसरिया गावी येशूचा प्रेषित पौल रोमी सुभेदार फेलिक्सच्या कैदेत आहे. मुख्य याजकानं तेर्तुल्ल नावाचा वकील लावून त्याच्यावर आरोप केलेत, पण निकाल लागलेला नाही. फेलिक्स हा काही साधा अंमलदार नव्हे. मुळात गुलाम, भावाच्या वशिल्यानं वर चढलेला, आणि टॅसिटससारख्या रोमी इतिहासकारानंही त्याच्या कारभाराविषयी बरं लिहिलेलं नाही. हा फेलिक्स आपली बायको द्रुसिल्ला हिला घेऊन येतो आणि कैद्याला बोलावून घेतो. थोडी करमणूक, थोडी जिज्ञासा. पौल त्याच्यापुढं तीन गोष्टींवर बोलतो: नीतिमत्ता, संयम आणि येणारा न्याय. तिसऱ्या विषयावर सुभेदाराला घाम फुटतो. आत्ता पुरे, सवड झाली की बोलावतो, असं म्हणून तो कैद्याला परत पाठवतो.

या पुस्तकाचा लेखक लूक यानं पुढची ओळ अशी सहज लिहिलीय की नजरेतून निसटावी. पौलाकडून पैसे मिळतील अशी फेलिक्सला आशा होती, म्हणून तो त्याला वरचेवर बोलावून गप्पा मारायचा. पैसे काही मिळाले नाहीत. दोन वर्षं अशीच गेली, फेलिक्सच्या जागी फेस्त आला, आणि जाता जाता बड्या लोकांची मर्जी राखायला फेलिक्सनं पौलाला कोठडीतच ठेवलं.

बेड्या पौलाच्या हातात आहेत, पण न्यायाचं नाव काढल्यावर तो घाबरत नाही. घाबरतो तो खुर्चीतला, चिरीमिरीची वाट पाहणारा. भीती आहे, नाकारत नाही. पण ज्यानं भ्यावं तोच भ्यालाय. रसेलच्या सभागृहात न्यायाचं भय हे गरिबाला दाबून ठेवायचं हत्यार ठरतं; इथं कैद्याच्या हातात तेवढंच एक हत्यार उरलंय. मजा अशी, की पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल रसेल स्वतः १९१८ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा भोगत होता. त्याची जागा फेलिक्सच्या शेजारी नाही, पौलाच्या कोठडीत आहे. वाईट वाटतं ते म्हणूनच.

इब्री स्तोत्रसंहितेत हे आणखी उघड आहे. शहाण्णव आणि अठ्ठ्याण्णव या स्तोत्रांत समुद्र गर्जतो, नद्या टाळ्या वाजवतात, रानातली झाडं हरखून जातात, आणि कारण काय, तर देव पृथ्वीचा न्याय करायला निघालाय. न्यायाच्या बातमीनं नद्या टाळ्या का वाजवतील? सी. एस. लुइसनं स्तोत्रांवरच्या १९५८ च्या पुस्तकात याचा उलगडा केला आहे. आपण शेवटच्या न्यायाकडे फौजदारी खटला म्हणून पाहतो आणि स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो; स्तोत्रकाराच्या डोळ्यांपुढे दिवाणी दावा आहे आणि तो स्वतः वादी आहे. ही बाब इंग्लंडपेक्षा आपल्याकडे लवकर कळावी. नवरा गेल्यावर दिरांनी सातबाऱ्यावरून जिचं नाव उडवलं, जी वारसनोंदीसाठी दहा वर्षं तहसिलीच्या पायऱ्या चढतेय, तिला सांगा की उद्या असा एक अधिकारी येतोय जो खोटा फेरफार बघताक्षणी ओळखतो आणि पाकीट घेत नाही. ती भिणार आहे का? भितील दीर, भितील तलाठी. येशूनं लूकच्या अठराव्या अध्यायात सांगितलेला दाखला याच बाईचा आहे. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला मानत नाही, आणि विधवा रोज येऊन त्याचं डोकं खाते: माझा न्याय कर. दया कर असं ती एकदाही म्हणत नाही, कारण न्याय हीच तिच्यावर होऊ शकणारी दया आहे.

१५६३ साली जर्मनीत तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत म्हणूनच बावन्नावा प्रश्न असा आहे, की ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येणार यातून तुला कोणता दिलासा मिळतो. दिलासा! छळाचं, धर्मयुद्धांचं शतक ते. त्या पिढीला आगीची भीती कमी पडत होती असं समजायचं कारण नाही.

आता गोव्याकडे येऊ, कारण मराठी वाचक रसेलच्या बाजूनं हा साक्षीदार उभा करणारच. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं गोव्यात इन्क्विझिशन चाललं. देवाच्या न्यायाच्या नावानं. दमणला पकडला गेलेला शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडीत जवळजवळ दोन वर्षं होता. सुटल्यावर त्यानं १६८७ साली सगळी हकिगत छापली. आरोप काय ते आरोपीला सांगायचं नाही. तक्रार कुणी केली ते सांगायचं नाही. तूच आठव, तूच कबूल कर. निराश होऊन त्यानं जीव द्यायचा प्रयत्नही केला. या प्रकाराला मऊ शब्द शोधणाऱ्या ख्रिस्ती लेखकांचा मला राग येतो. कारणं देऊ नयेत, काळाचा दोष म्हणू नये. तो अन्याय होता आणि देवाचं नाव घेऊन केलेला होता, म्हणजे दुप्पट.

पण रसेलचा युक्तिवाद याच ठिकाणी पालथा पडतो. नरकाची वचनं गोळा करताना त्यानं मत्तयच्या तेराव्या अध्यायातलं, दूत दुष्टांना गोळा करून भट्टीत टाकतील, हे वचन उचललंय. ते एका दाखल्याचं स्पष्टीकरण आहे. दाखला असा: शेतात गहू पेरला, रात्री वैऱ्यानं निदण पेरलं. चाकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, निदणाबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. निवाडा कापणीच्या वेळी, आणि तोही चाकरांच्या हातून नाही. रसेलनं भट्टी घेतली आणि धन्याचा हुकूम गाळला. शेवटचा न्याय देवाचा आहे म्हणूनच तो गोव्याच्या इन्क्विझिटरचा असू शकत नाही. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोमनं याच दाखल्यावरून पाखंड्यांना ठार मारणं गैर ठरवलं होतं. ऑगस्टिननं पुढे वेगळी वाट धरली, सक्तीला हरकत नाही म्हणाला, आणि चर्चनं शतकानुशतकं सोयीस्करपणे ऑगस्टिनला मान दिला. हे पाप चर्चचं. पण ते न्यायाच्या शिकवणीमुळे घडलं नाही, ती मोडून घडलं. चाकरांनी धन्याचं ऐकलं नाही.

गोव्याच्या त्या दालनाशेजारी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातलं न्यायालय ठेवून पाहा. रसेलनं तेही उद्धृत केलंय, पुन्हा फक्त शिक्षेची ओळ. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. सुनावणी उघड्यावर, सगळ्या राष्ट्रांसमोर. आरोप स्वच्छ शब्दांत: उपाशी होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा, आजारी, तुरुंगात होतो, तुम्ही आला नाहीत. आरोपी उलट प्रश्न विचारतात, आम्ही तुला अशा स्थितीत पाहिलं तरी कधी? त्यांना गप्प बसवलं जात नाही, उत्तर मिळतं. तुझा विश्वास कुठला, तू कुठल्या पंथाचा, बाप्तिस्मा झालाय का, हे कुणालाच विचारलेलं नाही. निर्दोष सुटलेल्यांनाही आपण काय चांगलं केलं ते ठाऊक नाही! आणि यातली मोठी भानगड अशी, की न्यायाधीश म्हणतो, तो उपाशी माणूस मीच होतो. म्हणजे फिर्यादीच न्यायासनावर. आपल्या कायद्यात हे बसायचं नाही. कुणीही वकील पहिल्या तारखेला हरकत घेईल. पण ख्रिस्ती आशा सगळी या अनियमिततेवरच उभी आहे. ज्याच्यासमोर उभं राहायचं तो स्वतः रात्रीच्या घाईगर्दीच्या खटल्यात दोषी ठरलेला, पिलातानं हात धुऊन सुळावर दिलेला माणूस आहे. खोट्या निकालाची चव त्याला ठाऊक आहे.

रसेलनं येशूच्या शेजारी सॉक्रेटिसला उभं केलंय. सॉक्रेटिस बघा, न ऐकणाऱ्यांशीही किती गोड वागतो, असं. प्लेटोच्या 'फीदो' या संवादात हाच सॉक्रेटिस विषाचा प्याला यायच्या आधी मित्रांना मृत्यूनंतरच्या निवाड्याची कथा सांगतो. ज्यांचं पाप बरं होण्यापलीकडचं आहे ते तार्तारसमध्ये पडतात आणि कधीच वर येत नाहीत. म्हणजे अनंत शिक्षा त्याच्याकडेही आहे, आणि ती रसेलनं नजरेआड केली. पण मला त्या कथेतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रागाच्या भरात खून करून नंतर पस्तावलेल्यांना वर्षानं लाट बाहेर फेकते आणि नदी त्यांना एका तळ्यापाशी आणते. तिथून ते आपण मारलेल्या माणसांना हाका मारतात, विनवतात, आम्हाला बाहेर येऊ द्या. त्यांनी ऐकलं तर सुटका. नाही ऐकलं तर लाट परत आत ओढून नेते. क्षमेची किल्ली मारल्या गेलेल्याच्या हातात आहे. न्यायाशिवाय दया मागणाऱ्या आधुनिक सज्जनांना ही साधी गोष्ट सुचत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला न विचारता तिसऱ्यानंच केलेली माफी ही माफी नव्हे. ती मेलेल्याच्या तोंडावर दार लावणं आहे.

हा फटका फक्त नास्तिकांना नाही. आमच्याच व्यासपीठांवरून हल्ली जो देव सांगितला जातो, हसतमुख, सगळं चालतं म्हणणारा, त्याच्याविषयीही माझं हेच म्हणणं आहे. आगमनकाळात शेवटच्या न्यायाचे पाठ येतात तेव्हा ते कसेबसे उरकून नाताळच्या गोठ्याकडे वळणारे धर्मगुरू मी पाहिलेत. श्रोते दुखावू नयेत ही भावना चांगलीच. पण श्रोत्यांत एखादी मार खाणारी सून बसलेली असते. 'देव सगळ्यांना समजून घेतो' हे वाक्य तिच्या कानी कसं पडत असेल?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण या ठिकाणी चपखल आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. फुलहॅममध्ये तिथल्या ख्रिस्ती संघाच्या भगिनींनी त्यांना 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चाललेलं काम दाखवलं, आणि पुढे योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंनी नंतर आपल्या निवेदनात या प्रसंगाला मोठं स्थान दिलंय. विहिरीवर आलेली ती बाई. पाच नवरे झालेले, आता आहे तो नवरा नाही. येशू हे सगळं तिला तोंडावर सांगतो. काही झाकत नाही, समजून घेतल्याचा आव आणत नाही. आणि ती घागर तिथंच टाकून गावात धावत जाते, लोकांना सांगते की माझं सगळं केलेलं ज्यानं सांगितलं तो माणूस बघायला चला. गावानं तिचा निवाडा कधीच करून टाकला होता. पण गावाचा निवाडा आणि हा निवाडा यांत असा फरक, की इथं सत्य पूर्ण कळूनही तिला हाकललेलं नाही. अर्धवट माहितीवर मिळालेली माफी टिकत नाही, उद्या उरलेलं कळलं तर काय, ही धास्ती राहते. सगळं ठाऊक असलेल्याकडून मिळालेली दया तेवढी विश्वासाची. केडगावला 'मुक्ती'त रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी 'कृपासदन' काढलं.

अनंत नरकाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळला तर रसेलला चिडायचा हक्क आहे. ख्रिस्ती परंपरा या बाबतीत एकमुखी नाही. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी आग शेवटी शुद्ध करणारी मानतो. सातव्या शतकातला इसहाक नरकातल्या यातनांना प्रेमाचे फटके म्हणतो. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याचा आपण घात केला ही जाणीवच तिथली आग. हा इसहाक निनवेचा बिशप होता. ज्या निनवेला देवानं माफ केलं म्हणून योना रुसून उन्हात बसला, तेच हे निनवे. उलट बाजूला सहाव्या शतकात ओरिगेनच्या नावानं चालणाऱ्या, सगळेच शेवटी सुटणार अशा मतांचा धिक्कार झाला, आणि कॅथलिक शिकवण नरक आहे असंच आजही म्हणते. मात्र त्याच चर्चनं हजारो माणसांना नाव घेऊन संत ठरवलं आणि एकालाही नाव घेऊन नरकात पाठवलेलं नाही, अगदी येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही. फ्रान्समधल्या व्हेझले गावच्या महामंदिरात बाराव्या शतकातल्या एका स्तंभशीर्षावर एका अंगाला जीभ बाहेर आलेला, फास घेतलेला यहूदा कोरलाय. दुसऱ्या अंगाला एक माणूस त्याचं प्रेत मेंढरासारखं खांद्यावर टाकून निघालाय. तो येशूच, असं पोप फ्रान्सिस म्हणत. अभ्यासकांचं एकमत नाही. मला पोपचं म्हणणं खरं निघावं असं वाटतं, आणि एवढं वाटण्याची परवानगी बाल्थासारसारख्या कडक कॅथलिक विद्वानानंही दिलेली आहे: सगळे वाचतील असं ठामपणे म्हणू नये, पण तशी आशा धरावी. एडवर्ड्सच्या कोळ्याला इथं जागा नाही, आणि 'सगळं चालतं'लाही नाही.

रसेलच्या व्याख्यानानंतर साडेचार महिन्यांनी, २३ जुलै १९२७ रोजी, ब्रिस्टलजवळ आपल्या घरी जनरल डायर वारला. जालियनवाला बागेतल्या मृतांचा सरकारी आकडा ३७९. शिक्षा काय झाली? हंटर समितीचे ताशेरे आणि सक्तीची निवृत्ती. शिवाय 'मॉर्निंग पोस्ट' वृत्तपत्रानं लोकवर्गणीतून जमवून दिलेले २६ हजार पौंड. अंत्ययात्रा लष्करी इतमामात. त्याच्या शेवटच्या दिवसांतलं एक बोलणं नोंदलेलं आहे: कुणी म्हणतात बरोबर केलं, कुणी म्हणतात चूक; आता मरावं आणि निर्मात्याकडूनच काय ते ऐकावं. पश्चात्ताप त्यात मला दिसत नाही. पण निकाल अजून लागलेला नाही हे त्यालाही कळत होतं.

डायरवर दया होऊ शकते का? होऊ शकते असं मी मानतो, नाहीतर माझ्यावर तरी ती कशी होणार. पण वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा, असं येशूनं डोंगरावर सांगितलंय. देवही मधल्या माणसाला वळसा घालून हात पुढे करू देत नाही. डायरला त्या ३७९ जणांपुढं, आणि सरकारी यादीत न आलेल्यांपुढं, उभं राहावंच लागेल. ते काय म्हणतील ते त्यांनी ठरवायचं. रसेल साम्राज्याचा मित्र नव्हता, तरी त्याच्या हिशेबानं डायरची फाइल ब्रिस्टलजवळच्या त्या खोलीत बंद झाली. वरचं कोर्ट नाही, निर्धास्त जा. पौलानं फेलिक्सला जे सांगितलं तेच मी डायरला सांगेन: कोर्ट आहे, आणि तिथला न्यायाधीश १३ एप्रिल १९१९ रोजी त्या बागेत, गोळ्यांच्या समोरच्या बाजूला होता.